स्टूल टेस्ट पॉझिटिव्ह आली? आधी कोलोनोस्कोपीची तारीख घ्या

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी घरी केलेली स्टूल टेस्ट पॉझिटिव्ह आली की ती परत करायची नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या ऑफिसात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये हा प्रश्न असतोच: "पुन्हा एकदा करून बघू का?" नका करू. आतड्यातली गाठ रोज रक्त सोडत बसत नाही. आज सोडेल, परवा सोडणार नाही. दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही, तुम्हाला फक्त सहा महिने निवांत बसायला निमित्त मिळतं.

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ, एका गॅस्ट्रोच्या, म्हणजे पोटा-आतड्यांच्या डॉक्टरच्या, ऑफिसात शेड्युलिंग आणि बिलिंग बघते. डॉक्टर नाही, नर्सही नाही. तारखा देते, विमा कंपन्यांशी भांडते, आणि मराठी बोलते म्हणून ओक ट्री रोडवर भाजी घेतानाही लोक मला गाठतात. तुमच्या औषधांचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार. पण पॉझिटिव्ह रिझल्टपासून कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून बघायच्या तपासणीच्या, टेबलापर्यंत जो पसारा असतो तो माझा रोजचा आहे, आणि माणसं अडकतात ती तिथेच.

इथे घरी येणारे टेस्टचे डबे प्रामुख्याने दोन. एक साधी फिट: काडीवर जरासं घेऊन नळीत घालायचं आणि लॅबला पाठवायचं, दर वर्षी. दुसरी कोलोगार्ड: अख्खा नमुना डब्यात बंद करून कुरिअरने विस्कॉन्सिनला रवाना, साधारण तीन वर्षांतून एकदा. फिट माणसाच्याच रक्तातलं हिमोग्लोबिन शोधते. त्यामुळे रविवारचं मटण किंवा मुळ्याची कोशिंबीर यांच्यावर खापर फोडता येत नाही, ती सोय जुन्या ग्वायक टेस्टबरोबर गेली. कोलोगार्ड रक्ताशिवाय पेशींच्या डीएनएमधले बदलही बघते. म्हणून ती जास्त पकडते आणि जास्त वेळा उगीच घाबरवतेही. २०१४ साली तिला मंजुरी मिळाली तेव्हाच्या मोठ्या अभ्यासात, कॅन्सर असलेल्या १०० पैकी ९२ जणांना तिने पकडलं आणि फिटने ७४ जणांना. पण ज्यांना कॅन्सर किंवा वाढलेली गाठ नव्हती अशा १०० पैकी १३ जणांनाही तिने पॉझिटिव्ह ठरवलं, फिटने ५ जणांना.

मग पॉझिटिव्ह आलेल्यांना निघतं काय? त्याच अभ्यासात कोलोगार्ड पॉझिटिव्ह आलेल्या १०० जणांची कोलोनोस्कोपी केली तेव्हा साधारण ४ जणांना कॅन्सर होता, ५१ जणांना लहानमोठे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी, होते आणि ४५ जणांना काहीच नव्हतं. फिटचा आकडाही फार वेगळा नाही: कॅलिफोर्नियाच्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेने फिट पॉझिटिव्ह आलेल्या ७०,००० लोकांची माहिती बघितली, त्यात कॅन्सर शंभरी तिघांना निघाला. आमचे एक काका हे ऐकून म्हणाले, "म्हणजे निम्म्या लोकांना काही नसतंच की." मी त्यांना उरलेले पंचावन्न मोजायला लावले. पॉलिप सापडला की त्याच वेळी काढून टाकतात, म्हणजे तो पुढे जे काही झाला असता ते टळतं. माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापातली खरी कमाई ही ५१ माणसं आहेत.

मूळव्याधीबद्दलही आत्ताच बोलून घेऊ. "मला जुनी मूळव्याध आहे, तिचंच रक्त असणार" हे वाक्य मी पुरुषांकडून जास्त ऐकते. असेलही. पण मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिप होत नाही असं थोडंच आहे? ॲस्पिरिन चालू असलेल्यांचंही तेच. कारण काहीही वाटत असलं तरी पॉझिटिव्हनंतरची पायरी कोलोनोस्कोपीच. सीटी स्कॅनवाली तपासणी ज्यांना कोलोनोस्कोपी झेपत नाही किंवा पूर्ण होऊ शकली नाही त्यांच्यासाठी असते, भित्र्यांसाठी नाही.

आता वेळ. घाई किती करायची? झोप उडवण्याइतकी नाही. कैसरच्या त्याच अभ्यासात, २०१७ साली छापलेल्या, महिन्याभरात कोलोनोस्कोपी करणारे आणि काही महिने थांबलेले यांच्यात फारसा फरक दिसला नाही. दहा महिन्यांनंतर मात्र कॅन्सर सापडण्याचं, आणि तो पुढच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. वर्ष उलटलेल्यांमध्ये कॅन्सरची शक्यता दुपटीवर गेली, पसरलेल्या टप्प्याची तिपटीवर. इथल्या तज्ज्ञांनी बाहेरची मर्यादा सहा महिन्यांची ठरवली आहे. मी लोकांना सांगते: या आठवड्यात तारीख घ्या, दोन-तीन महिन्यांत उरका. संडासवाटे उघड रक्त जातंय, हिमोग्लोबिन उतरलंय, वजन आपोआप घटतंय, असं काही असेल तर ते फोनवर पहिल्या वाक्यात सांगा, तुमची रांगच बदलते.

"डिसेंबरात पुण्याला जाणारच आहोत, तिकडे करून घेऊ" हा आपल्या लोकांचा खास मार्ग. मला त्यात तत्त्वतः काही वावगं वाटत नाही. पुण्या-मुंबईत उत्तम एंडोस्कोपिस्ट आहेत आणि खर्चही इथल्यापेक्षा पुष्कळ कमी. पण मार्चमध्ये पॉझिटिव्ह आलंय आणि डिसेंबर म्हणताय, तर ते नऊ महिने झाले. शिवाय तिथे गेल्यावर दोन लग्नं, एक मुंज आणि कोकणची ट्रिप यांत आतडी साफ करायचा दिवस कोण काढणार? जायचंच असेल तर तिकिटाआधी तिकडची तारीख घ्या, आणि परतताना लेखी रिपोर्ट, फोटो आणि बायोप्सीचा अहवाल हातात घेऊनच विमानात बसा.

पॉझिटिव्ह रिझल्ट हरवतो कुठे, तर फॅमिली डॉक्टरच्या ऑफिसात. टेस्ट त्यांनी लिहून दिलेली असते, रिझल्ट त्यांच्याकडे जातो आणि पोर्टलवर तुम्हालाही दिसतो. त्यांना वाटतं पेशंटने बघितलंय, तो फोन करेल. पेशंटला वाटतं काही गंभीर असतं तर त्यांनीच फोन केला असता. आमच्याकडे तर अजून नावही आलेलं नसतं. म्हणून रिझल्ट दिसला त्याच दिवशी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: कोलोनोस्कोपीची ऑर्डर घातली का, ती कुठल्या गॅस्ट्रोकडे पाठवली, आणि माझ्या प्लॅनला रेफरल किंवा आधीची मंजुरी लागते का. दोन दिवसांनी त्या गॅस्ट्रोच्या ऑफिसला स्वतः फोन करून ती पोचली का ते बघा. फॅक्स "पाठवलाय" आणि फॅक्स "मिळालाय" यांत कधीकधी तीन आठवडे असतात.

आमच्यासारख्या ऑफिसात फोन केलात की नुसतं "कोलोनोस्कोपी करायची आहे" म्हणू नका. नुसत्या रुटीनवाल्यांना लांबची तारीख मिळते. "फिट पॉझिटिव्ह आहे" किंवा "कोलोगार्ड पॉझिटिव्ह आहे" हे शब्द उच्चारा. ओपन ॲक्सेस आहे का विचारा, म्हणजे तब्येत ठीक असणाऱ्यांना आधी डॉक्टरांना भेटायची वेगळी खेप पडत नाही. कॅन्सलेशन लिस्टवर नाव घाला. सोमवारी सकाळी आमच्याकडे हमखास कोणीतरी गळतं, आणि जो उद्या येऊ शकतो त्याला आम्ही आनंदाने बोलावतो.

डॉक्टर निवडायला वाव असेल तर एक प्रश्न विचारायला लाजू नका: तुमचा एडीआर किती? म्हणजे शंभर कोलोनोस्कोपींत किती जणांमध्ये त्यांना ॲडिनोमा, पुढे बिघडू शकणारा पॉलिप, सापडतो. २०२४ च्या अमेरिकन मापदंडाप्रमाणे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांत हा आकडा ३५ टक्के तरी हवा, आणि फिट पॉझिटिव्हवाल्यांत ५०. चांगल्या डॉक्टरांना तो तोंडपाठ असतो आणि ते सांगतातही. जे चिडतात त्यांच्याबद्दल तुम्हाला काय ते कळलंच.

आता पैसे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक कॅन्सरपेक्षा बिलाला जास्त भितात, आणि ते अगदी अनाठायी नाही. पूर्वी अशी गंमत होती की डब्याची टेस्ट फुकट, पण ती पॉझिटिव्ह आली की पुढची कोलोनोस्कोपी "निदानासाठी" धरून डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विम्याआधी स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेत, टाकत. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने खुलासा केला की ही दुसरी पायरी स्क्रीनिंगचा, म्हणजे त्रास नसताना करायच्या तपासणीचाच, भाग आहे. ३१ मे २०२२ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या प्लॅन वर्षापासून बहुतेक खासगी विम्यांना ती पेशंटकडून काही न घेता द्यावी लागते, अर्थात नेटवर्कमध्ये केली तर. काही जुने, "ग्रँडफादर्ड" म्हणतात ते प्लॅन यातून सुटतात, तेव्हा एचआरला विचारा. स्क्रीनिंगचं वय २०२१ पासून ५० वरून ४५ वर आलंय, त्यामुळे ४६ वर्षांच्या माणसालाही हे लागू.

मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, हाच नियम १ जानेवारी २०२३ पासून धरला. फक्त तिथे एक खोच आहे: पॉलिप काढला तर २०२६ पर्यंत १५ टक्के तुमच्याकडून घेतात, २०२७ ते २०२९ मध्ये १० टक्के, आणि २०३० पासून शून्य.

एवढं असूनही चुकीची बिलं येतातच. बिल आलं की घाबरून भरू नका, आधी कोड बघा. क्लेमवर स्क्रीनिंगचा झेड १२.११ आणि पॉझिटिव्ह स्टूल टेस्टचा आर १९.५ हे निदानाचे कोड असायला हवेत, आणि प्रोसिजरला खासगी विम्यासाठी ३३ हा मॉडिफायर, म्हणजे जोडीचा छोटा कोड, मेडिकेअरसाठी केएक्स. नुसता आर १९.५ टाकून क्लेम गेला की संगणक त्याला आजाराची तपासणी समजतो आणि तुमच्या नावावर मोठा आकडा फाडतो. अशा वेळी डॉक्टरांच्या बिलिंगला फोन करून "पॉझिटिव्ह स्टूल टेस्टनंतरची स्क्रीनिंग म्हणून क्लेम दुरुस्त करून पुन्हा पाठवा" असं सांगायचं. आम्ही पाठवतो. आमच्याकडच्या एका गृहस्थांना विमा कंपनीच्या फोनवरच्या बाईने ठामपणे सांगितलं की हे कव्हर होत नाही. लेखी अपील केल्यावर तीच कंपनी निमूट मानली. फोनवरचं ऐकून सोडून देऊ नका.

बिलं एक नाही, चार येतात: सेंटरचं, डॉक्टरचं, भूल देणाऱ्याचं आणि पॅथॉलॉजीचं. सेंटर आणि डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत हे आधी विचारून घ्या. सेंटर नेटवर्कमधलं आणि भूलवाला बाहेरचा निघाला, तर २०२२ पासूनच्या नो सर्प्राइजेस कायद्याने तो तुमच्याकडून जादा मागू शकत नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांचा व्हिजिटर इन्शुरन्स मात्र बहुधा यातलं काही देत नाही. त्यांना परत पाठवून, तिकडे ठरलेल्या तारखेला करून घेणं बरं.

मग येते तयारी. इथे इंग्रजी माहितीपत्रक आपल्या स्वयंपाकघरात कमी पडतं. त्यात "बिया टाळा" लिहिलेलं असतं, आणि आपल्या काकू म्हणतात, "मी कुठे बिया खाते?" अहो, फोडणीतले जिरं-मोहरी काय आहे? तीळ, अळीव, शेंगदाण्याचं कूट, खोबरं, कोथिंबीर, टोमॅटो, वांगं, पेरू. हे सगळं तीन दिवस आधी बंद. जिऱ्याएवढी वस्तू दुर्बिणीची सक्शन नळी तुंबवते, आणि डॉक्टर आतडं बघायचं सोडून जिरी धुवत बसतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्यं, पालेभाज्या बंद. पांढरा मऊ भात, दही, सालं काढून शिजवलेला बटाटा, पांढरा ब्रेड, अंडं चालतं. आणि उपासाचं डोक्यातून काढा. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतं, राजगिरा आणि भगर तर नकोच.

लोहाच्या गोळ्या आणि इसबगोल आमच्याकडे आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्या, ओझेम्पिक किंवा मौंजारोसारखी इंजेक्शनं, किडनीचा त्रास, हे सगळं तारीख घेतानाच सांगा. मनाने काही बंद करू नका. स्टेंट घातलेल्या माणसाने स्वतःच्या अकलेने गोळी बंद करणं हे कोलोनोस्कोपीपेक्षा कितीतरी धोक्याचं.

आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पेयं. पारदर्शक म्हणजे ग्लासामागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. या कसोटीत ताक नापास, डाळीचं पाणी नापास, पेज नापास. कोरा चहा चालतो, गाळलेलं लिंबू सरबत चालतं, मलई न आलेलं शहाळ्याचं पाणी चालतं, सफरचंदाचा गाळीव रस चालतो. भाज्या आणि आलं उकळून, गाळून, मीठ घालून प्यायलात तर संध्याकाळी जिवात जीव येतो. हळद घालू नका, नाहीतर शेवटी पिवळं कशाने झालंय तेच कळणार नाही. लाल आणि जांभळं काहीही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. कोकम सरबत लालात मोडतं, हे एका पेशंटबाईंना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. त्यांच्या मते कोकम पोटाला थंड असतं. शाकाहारी असाल तर अजून एक: माहितीपत्रकात जेलो सुचवतात, त्यात प्राण्यांचं जिलेटिन असतं. अगर-अगरची लिंबाची जेली करून ठेवा.

आतडं साफ करायचं औषध दोन हप्त्यांत घ्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं त्या पहाटे. सुप्रेप असेल तर बाटली ओतून १६ औंसांपर्यंत पाणी भरायचं, ते पिऊन तासाभरात आणखी ३२ औंस पाणी. चव खारट-गोड आणि चिकट. गार करून, स्ट्रॉने, मध्येच लिंबाची फोड चाटत पिता येतं. सकाळी आठची वेळ असेल तर दुसरा हप्ता रात्री तीनला येतो, आणि लोक तो झोपेपायी टाळतात. तिथेच माती खातात. रात्रभरात लहान आतड्यातून उतरलेला चिकटा नेमका उजव्या बाजूला बसतो, आणि त्या बाजूचे चपटे पॉलिप आधीच दिसायला अवघड. शेवटी पाणी फिक्या पिवळ्या रंगाचं, तळाला काही नसलेलं यायला हवं. चहासारखं तपकिरी येत असेल तर ऑफिसला फोन करा, गप्प येऊ नका. नीट साफ नसलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. व्हॅसलीन आणि ओले वाइप्स आधी आणून ठेवा. कशासाठी ते रात्री अकराला समजेल.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सुई लावतात, झोप लागते, उठल्यावर "सुरू कधी करणार?" असं विचारता. घरी न्यायला ओळखीचं माणूस हवं, एकट्याने उबरने जाऊ देत नाहीत, आणि माणूस नसेल तर तपासणीच रद्द करतात. धोके विचाराल तर आतड्याला भोक पडणं दहा हजारांत पाच-सहा जणांच्या बाबतीत घडतं. घरी गेल्यावर पोट फुगून सतत दुखलं, ताप आला किंवा रक्त थांबेना तर इमर्जन्सीत जा, सकाळची वाट बघू नका.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर जे सांगतात ते तुम्हाला आठवणार नाही. बरोबरच्या माणसाला लिहून घ्यायला सांगा. आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो, त्यावर पुढची तारीख ठरते. काहीच निघालं नाही तर १० वर्षं सुट्टी, मधे डब्याच्या टेस्टही नाहीत. एक-दोन लहान ॲडिनोमा निघाले तर ७ ते १० वर्षं, तीन-चार निघाले तर ३ ते ५, आणि १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर ३ वर्षं. रिपोर्टमध्ये आतडं शेवटपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत बघितलं का आणि साफसफाई कशी होती हे लिहिलेलं असतं, तेवढं वाचाच.

कॅन्सर किंवा मोठा पॉलिप निघाला तर भावंडांना आणि मुलांना कळवायचं. "पोटाचं किरकोळ काम होतं" असं सांगून मोकळे होऊ नका, रिपोर्टच पाठवा. त्यांची तपासणी ४० व्या वर्षी सुरू होते, किंवा तुमच्या त्यावेळच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल ते. तुमचा ४८ व्या वर्षी निघाला असेल तर सांगलीतल्या धाकट्या भावाने ३८ लाच करायला हवी होती. तो आता ४४ चा असेल, तर त्याने या महिन्यात जावं, आणि डबा नको, सरळ कोलोनोस्कोपीच.